मातीखालच्या पिलाचा चरित्रकार : झां-आंरी फाब्र

गेल्या जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेच्या श्रमदानात आम्ही कॉलेजमागच्या आंब्याच्या कलमांची आळी खणत होतो. माझ्या कुदळीखाली वीतभर खोलीवर शेंगदाण्याएवढा एक तपकिरी, कुबड आलेला किडा निघाला. हुमणी, हुमणी, असा ओरडा झाला आणि मी तो चपलेखाली चिरडला. संध्याकाळपर्यंत असे आठ-नऊ किडे मी मारले आणि कलमे वाचवल्याचे समाधानही मानले. ज्युनिअर विभागातले जीवशास्त्राचे सर तिथून जाताना थांबले तेव्हा एकच उरला होता. त्यांनी तो तळहातावर घेऊन उलटा केला आणि म्हणाले की, ही हुमणी नव्हे, हे सिकाडाचे पिल्लू आहे.

सिकाडा म्हणजे मे महिन्यात भर उन्हात झाडावर बसून कान किटवणारा कीटक. आमच्या गावात जे काही किरकिरते त्याला सरसकट रातकिडाच म्हणतात, त्यामुळे याचे वेगळेपण मला कधी कळलेच नव्हते. सरांनी खुणा दाखवल्या. हुमणी पांढरी, मऊ, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली असते. तिचे डोके तांबूस आणि पाय बारीक असतात आणि ती मुळे कुरतडून खाते. सिकाडाच्या पिलाचे पुढचे पाय खेकड्याच्या नांग्यांसारखे जाड आणि काटेरी असतात, ती त्याची कुदळ. त्याला कुरतडायला जबडे नाहीत. पोटाकडे दुमडलेली एक सोंड असते, ती मुळात खुपसून ते रस पिते. वाढलेल्या पिलाच्या पाठीवर पंखांचे छोटे कोंब दिसतात. पुढे त्याचा कोश होत नाही, कात टाकून सरळ पंखवाला सिकाडाच बाहेर पडतो.

एवढे सांगून सरांनी एक नाव दिले : झां-आंरी फाब्र. या फ्रेंच माणसाच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर आमच्या ग्रंथालयात होते. शब्दकोश शेजारी घेऊन मी ते दीड महिना वाचले. मारलेल्या किड्यांबद्दल अपराधी वाटत होते म्हणून पुस्तक उघडले, हे खरे. पण पुढे किड्याइतकाच तो माणूस मनात राहिला. म्हणून हा लेख.

फाब्रचा जन्म डिसेंबर १८२३ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या सँ-लेऑन या खेड्यात झाला. घरात पुस्तक नव्हते. खाणारी तोंडे कमी व्हावीत म्हणून लहानपणीच त्याला आजोबांच्या शेतावर धाडले होते. गुरे, मेंढ्या, ओलसर कुरणे आणि थंडी, एवढेच त्याचे जग. सातव्या वर्षी तो गावच्या शाळेत परतला. ती शाळा म्हणजे एकच खोली होती. मास्तर तिथेच राहत, तिथेच स्वयंपाक होई आणि डुकराची पिले व कोंबड्या मुलांच्या पायांत फिरत. अक्षरओळख त्याला मास्तरांमुळे कमी आणि वडिलांनी शहरातून आणलेल्या प्राण्यांच्या चित्रांच्या तक्त्यामुळे अधिक झाली.

वडिलांनी शेती सोडून रोदेझ या शहरात कॅफे काढला. तो चालला नाही. मग दुसरे शहर, मग तिसरे, आणि प्रत्येक ठिकाणी तीच गत. रोदेझच्या शाळेत फाब्रला फी माफ होती, त्या बदल्यात त्याने प्रार्थनामंदिरात सेवा करायची असे. पुढे घर मोडले आणि त्या मुलाला स्वतःच्या पोटाची सोय स्वतः पाहावी लागली. त्याने बोकेअरच्या जत्रेत लिंबे विकली, रेल्वेमार्गाच्या कामावर मजुरी केली. अशा स्थितीत आव्हिन्योंच्या अध्यापक विद्यालयाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा त्याने दिली आणि पहिला आला. तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. १८४२ मध्ये, एकोणिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, तो कार्पांत्रा गावी मास्तर झाला. पगार वर्षाला ७०० फ्रँक. आज मी त्याच वयाचा आहे, म्हणून हा आकडा वाचून मी जरा थांबलो.

कार्पांत्राला त्याने मुलांना जमीन मोजायला माळावर नेले. तिथे मुले काम सोडून मध्येच दगडांवरची मातीची घरटी फोडून काडीने काहीतरी चोखू लागली. ती गवंडी-माशीची घरटी होती आणि मुले चोखत होती तो मध. मास्तरने मुलांना शिक्षा केली नाही, स्वतःच काडी हातात घेतली. त्यानंतर कीटकांवरचे एक सचित्र पुस्तक विकत घेण्यासाठी त्याने महिन्याचा पगार घातला. त्या महिन्यात घर कसे चालवले याचा हिशेब मला कुठे सापडला नाही, पण आमच्या घरी असे कोणी केले असते तर काय झाले असते हे मला ठाऊक आहे.

कॉलेजात न जाता, रात्री घरी अभ्यास करून, त्याने गणित आणि पदार्थविज्ञानाच्या पदव्या मिळवल्या. १८४९ मध्ये कॉर्सिका बेटावर आजाक्सिओ येथे पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून तो गेला आणि १८५३ मध्ये आव्हिन्योंला परतला. सुमारे अठरा वर्षे तो तिथे शिकवत राहिला. दरम्यान १८५५ मध्ये त्याने विज्ञानाची डॉक्टरेट मिळवली आणि शिकारी गांधीलमाशीवरचा त्याचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. भुंग्यांना नांगी मारून ही माशी त्यांना ठार करत नाही, त्यांच्या मज्जातंतूंच्या गाठीवर डंख करून लुळे करते, म्हणजे पिलांना ताजे अन्न मिळते, हे त्याने दाखवले. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्याच्या निरीक्षणाची दखल घेतली. गंमत अशी की, डार्विनचा उत्क्रांतिवाद फाब्रने जन्मभर मानला नाही. दोघांचा पत्रव्यवहार मात्र आदराने चालला.

१८६५ मध्ये लुई पाश्चर त्याच्या दारी आला. रेशीमकिड्यांच्या रोगाने दक्षिण फ्रान्सचा रेशीमधंदा बुडत होता आणि त्यावर उपाय शोधण्याचे काम पाश्चरकडे सोपवले होते. पाश्चरने कोसला कानाशी धरून हलवला आणि आत काही वाजते म्हणून त्याला नवल वाटले. कोसल्यात पतंगाचा कोश असतो, हे त्याला फाब्रने सांगितले. रेशीमकिड्याबद्दल काहीच ठाऊक नसलेला माणूस रेशीमकिड्याला वाचवायला निघाला होता आणि पुढे त्याने तो वाचवलाही. फाब्र याला हसला नाही. आपणही पुस्तकी समज बाजूला ठेवून कोऱ्या मनाने किड्यासमोर बसावे, असे त्याने त्यातून घेतले.

पगार पुरत नव्हता. म्हणून त्याने आपल्या मंजिष्ठाच्या जातीच्या एका वनस्पतीच्या मुळांपासून शुद्ध लाल रंग काढण्याची रीत अनेक वर्षे खपून बसवली. ती हाती आली न आली तोच १८६८-६९ च्या सुमारास जर्मनीत तोच रंग रसायनांपासून कृत्रिम रीतीने तयार झाला आणि या मुळांचा व्यापारच संपला. त्याच काळात शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्युरुई यांनी त्याला पॅरिसला बोलावून सन्मानपदक देवविले. द्युरुईंच्या योजनेतून फाब्रने आव्हिन्योंला प्रौढांसाठी फुकट वर्ग घेतले. त्यांत मुलीही येत. फुलांत फलधारणा कशी होते हे त्याने मुलींसमोर सांगितले, एवढ्यावरून शहरातल्या सनातन्यांनी गहजब केला. १८७० मध्ये घरमालकिणींनी त्याला महिन्याभरात घर सोडायला लावले. पाच मुले, बायको, आणि हातात पैसा नाही.

त्या वेळी त्याला ३००० फ्रँक उसने दिले ते जॉन स्टुअर्ट मिलने. होय, राज्यशास्त्राच्या पेपरासाठी आपण ज्याचा स्वातंत्र्यावरचा निबंध घोकतो आणि ज्याच्या विचारांनी आपल्या आगरकरांना घडवले, तोच हा मिल. पत्नीची कबर आव्हिन्योंला असल्यामुळे तो तिथे घर घेऊन राहत असे आणि फाब्रबरोबर वनस्पती गोळा करत रानोमाळ हिंडे. त्याने कसलाही कागद लिहून घेतला नाही. फाब्रने पुढे ती रक्कम फेडली, तीही शाळकरी मुलांसाठी विज्ञानाची पुस्तके लिहून. ओरांज गावी राहून त्याने अशी डझनावारी पुस्तके लिहिली. तिथेच १८७७ मध्ये त्याचा मुलगा झ्यूल सोळाव्या वर्षी वारला. किडे शोधायला बापाबरोबर जाणारा तोच होता.

१८७९ मध्ये फाब्रने सेरिन्यां गावाजवळ हेक्टरभर जमीन आणि एक जुने घर घेतले. तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता. जमीन काय, तर निव्वळ मुरमाड पडीक. तिथल्या बोलीत अशा रानाला हार्मास म्हणतात आणि तेच नाव त्या घराला पडले. धान्य पिकणार नाही अशी काटेरी झुडपांची जागा कीटकांना मात्र प्रिय असते, आणि त्याला तशीच जागा चाळीस वर्षे हवी होती. कीटकांविषयीच्या आठवणींचा त्याचा पहिला खंड त्याच वर्षी निघाला. दहावा निघाला १९०७ मध्ये.

हार्मासच्या दारासमोर चिनाराच्या जातीची दोन मोठी झाडे होती. जूनच्या अखेरीपासून त्यांच्यावर सिकाडांचा असा कल्लोळ चाले की, सकाळच्या वेळी त्याला विचार करणे अशक्य होई. शत्रू टळत नाही म्हटल्यावर त्याने त्याचा अभ्यास सुरू केला. माझ्या मते त्याचे सगळे मोठेपण इथे एका साध्या प्रश्नात दिसते.

जूनमध्ये पायवाटेच्या टणक, उन्हाने भाजलेल्या मातीत बोट जाईल एवढी गोल भोके दिसू लागतात. ही सिकाडाच्या पिलांची बाहेर पडण्याची दारे. शेणकिडा बीळ खणतो तेव्हा तोंडाशी मातीचा ढीग साचतो. इथे ढीग मुळीच नाही. फाब्रने बीळ उकरले : सुमारे ४० सेंटिमीटर खोल, सरळ, खाली जरा रुंद आणि बंद. मग एवढ्या बिळातली माती गेली कुठे? पिल्लू आतून वर खणत येते, तेव्हा माती बाहेर टाकायला वाट नाही. खाली टाकावी तर बीळ तळाशी मोकळे. असा प्रश्न शेकडो वर्षांत कोणाला पडला नव्हता असे नाही, पण त्यासाठी तो गुडघे टेकून बसला.

त्याने पाहिले की बिळाच्या भिंती गिलावा केल्यासारख्या गुळगुळीत आहेत. कोरड्या ठणठणीत जमिनीतून निघणारे पिल्लू मात्र चिखलाने माखलेले असते. पकडले की ते मागून पाणी उडवते. म्हणजे गवंड्याच्या पखालीप्रमाणे ते अंगातच पाणी बाळगते! खणलेल्या भुकटीवर हे पाणी सोडून ते चिखल करते आणि पोटाने रेटून भिंतीच्या फटींत दाबते. माती कुठे जात नाही, भिंतीतच जिरते. पण पखाल रिकामी झाली की? तळाशी नीट पाहता त्याला भिंतीत एखादे जिवंत मूळ आढळले. तो त्याचा पाणवठा. सोंड खुपसायची, भरून घ्यायचे, पुन्हा कामाला लागायचे. खात्री करण्यासाठी त्याने पिले काचेच्या नळीत कोरड्या मातीखाली पुरली. अंगात पाणी भरलेले पिल्लू वर आले. पाणी संपलेले पिल्लू वाट काढू शकले नाही, मेले.

बीळ पुरे झाले तरी ते लगेच बाहेर येत नाही. वरचा बोटभर जाडीचा थर तसाच ठेवून ते आठवडे काढते. ऊन, गारठा, पाऊस यांचा अंदाज घ्यायला वर येते, हवा वाईट वाटली तर पुन्हा खाली जाते. मग एके दिवशी झाकण फोडून जवळच्या झुडपावर चढते, पुढच्या नांग्यांनी घट्ट पकड घेते आणि पाठीवर मधोमध चीर पडते. आतून फिकट हिरवा, ओला सिकाडा निघतो. तो आधी उलटा लोंबकळतो, मग उठून काठीला धरतो, पंख पसरून वाळवतो. फाब्रने घड्याळ लावून पाहिलेला एक सिकाडा सकाळी नऊला कातीतून बाहेर पडला आणि दुपारी साडेबाराला उडाला. साडेतीन तास तो माणूस त्या काडीसमोर बसून होता.

मागचा-पुढचा भागही त्याने असाच उलगडला. मादी सुकल्या बारीक फांद्यांना ओळीने तीस-चाळीस भोके पाडते आणि प्रत्येकात दहाएक अंडी घालते. एक चिमुकली गांधीलमाशी लगेच मागून येऊन त्याच भोकांत आपली अंडी घालते आणि तिची अळी सिकाडाची अंडी फस्त करते. तीनचारशे अंडी घालण्याचे कारण तिथे कळते. ऑक्टोबरच्या सुमारास पिसवेएवढे पिल्लू निघते, काही वेळ धाग्याला लोंबते, खाली पडते आणि मऊ माती शोधून आत जाते. त्याने काही पिले कुंडीत सोडली. महिन्याने पाहिले तर ती जिवंत होती, पण तसूभरही वाढली नव्हती. त्यापुढे त्यांचा पाठलाग करणे त्याला जमले नाही.

मग आत किती वर्षे जातात हे त्याने कसे ठरवले? शेतकऱ्यांच्या कुदळीवरून. हिवाळ्याच्या तोंडावर ऑलिव्हच्या झाडांना माती लावताना तिथल्या शेतकऱ्यांना ही पिले नेहमी सापडत. लहान-मोठ्या आकारांची पिले एकाच वेळी सापडतात, यावरून त्याने हिशेब मांडला : सुमारे चार वर्षे मातीखाली आणि पाचेक आठवडे उन्हात. आज जातीनुसार हा काळ बदलतो हे माहीत आहे. अमेरिकेत १३ आणि १७ वर्षांनी एकदम बाहेर पडणाऱ्या जाती आहेत, आणि २०२४ मध्ये तिथे अशा दोन पिढ्या एकाच उन्हाळ्यात निघाल्या. हा योग त्याआधी १८०३ मध्ये आला होता.

मुंगी आणि सिकाडाची गोष्टही त्याने उलटी केली. ला फाँतेनच्या १६६८ च्या कथेत उन्हाळाभर गाणारा आळशी सिकाडा हिवाळ्यात मुंगीच्या दारी भीक मागतो. हिवाळ्यात सिकाडा जिवंतच नसतो, इथेच गोष्ट संपते. फाब्रने जुलैच्या तहानलेल्या दुपारी पाहिले ते असे : सिकाडा सालीला भोक पाडून रस पितो, आणि मुंग्या तिथे गोळा होऊन त्याचे पाय चावतात, पंख ओढतात, सोंडही उपटू पाहतात. कंटाळून तो उडून जातो आणि झरा मुंग्यांच्या ताब्यात जातो. शाळेत ती गोष्ट पाठ केलेल्यांना हे वाचून जरा चुकल्यासारखे वाटेल, मला वाटले.

एकदा अॅरिस्टॉटलच्या सांगण्यावरून त्याने ही पिले तळून खाल्लीही. सगळ्या घराने बागेत दोन तास शोधले तेव्हा चारच सापडली. चव कोळंबीसारखी, पण चावायला चामडे, असा घरच्यांचा निकाल झाला. आमच्या कोकणी माणसाला कोळंबीचा हा अपमान सहन होणार नाही.

एका ठिकाणी मात्र तो चुकला. सिकाडाला ऐकू येते का हे पाहायला त्याने गावच्या सणावारी वाजणाऱ्या दोन तोफा झाडाखाली आणवल्या, काचा फुटू नयेत म्हणून खिडक्या उघडल्या आणि बार काढले. वर गाणे जराही थांबले नाही. निष्कर्ष : सिकाडा बहिरा, निदान अगदी कमी ऐकणारा. आज आपल्याला माहीत आहे की, सिकाडाच्या पोटावर कानाचे पडदे असतात आणि नराचे गाणे मादीसाठीच असते. तो आपल्या जातीच्या स्वरांना कान देतो, तोफेच्या घुमणाऱ्या आवाजाला नाही. साडेतीन तास एका काडीसमोर बसणाऱ्याने हा निकाल दोन बारांत दिला, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

कीर्ती फार उशिरा आली. पहिली पत्नी १८८५ मध्ये वारली, पुढे दुसरे लग्न झाले, तीन मुले झाली. शाळांतून त्याची पुस्तके हटली तशी मिळकत आटली. १९१० मध्ये चाहत्यांनी त्याचा सत्कार केला, तेव्हा तो ८६ वर्षांचा होता. १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्वँकारे हार्मासला येऊन भेटून गेले. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, महायुद्ध चालू असताना, तो तिथेच वारला.

पुस्तक संपले त्या रविवारी मी घरी गेलो आणि वडिलांना पिलाचे चित्र काढून दाखवले. ते जन्मभर दुसऱ्यांच्या बागेत खणत आले आहेत. त्यांनी चित्र पाहिले आणि हा तर काजूच्या आळ्यात नेहमी निघतो, आम्ही त्याला परत मातीत लोटतो, असे सहज सांगितले. याची टरफले जूनच्या आधी खोडांना चिकटलेली असतात हेही त्यांना ठाऊक होते. पण टरफल आणि मातीतला किडा एकच, हे त्यांनी कधी जोडले नव्हते. मी जोडून दिले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की, तरीच टरफलाला माती लागलेली असते.

मे महिन्यात आम्ही दोघे पहाटे त्या बागेत गेलो. एका काजूखाली बोटभर रुंदीची सात भोके होती, आणि कुठल्याच भोकाशी मातीचा ढीग नव्हता. मी एकात हिराची काडी सोडली. कोपरापासून मनगटापर्यंत गेली आणि टेकली. वडिलांनी ती बाहेर काढून टोक चाचपले. ते ओले होते.